'जँगो'च्या पाठमालेतील स्थानिक परिवेश आणि चाचणी : एक चिकित्सक अभ्यास

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्ययन-अध्यापनात ज्या संहिता सर्वाधिक वाचल्या जातात, त्यांची समीक्षा मात्र क्वचितच होते. कवितेच्या, कादंबरीच्या किंवा इतिहासग्रंथाच्या वाट्याला जी चिकित्सा येते, ती एखाद्या आज्ञाप्रणालीच्या प्रारंभिक पाठमालेच्या वाट्याला येत नाही. असे पाठ केवळ 'उपयोगाचे' मानले जातात. पाठात सांगितल्याप्रमाणे कृती केली आणि पडद्यावर अपेक्षित पान उमटले की संहितेचे कार्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः अशी संहितादेखील वाचकाला एक दृष्टी देत असते. काय महत्त्वाचे, काय गौण, कोणती गोष्ट आधी करावयाची आणि कोणती नंतर, 'काम पूर्ण झाले' असे केव्हा म्हणावयाचे, याचे संस्कार ती नकळत करीत असते.

पदवी व पदव्युत्तर वर्गांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना 'हे माझ्या संगणकावर चालत होते' हे वाक्य अध्यापकांना वारंवार ऐकावे लागते. हे वाक्य बहुधा खोटे नसते. विद्यार्थ्याच्या संगणकावर ते ॲप्लिकेशन खरोखरच चालत असते. प्रश्न असा की, 'चालणे' या क्रियापदाचा हा मर्यादित अर्थ विद्यार्थी कोठे शिकतो? या प्रश्नाच्या अनुषंगाने 'जँगो' या वेब-आराखड्याच्या अधिकृत पाठमालेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वेब ॲप्लिकेशन प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी ते स्वतःच्या संगणकावर उभे करून तपासण्याची जी व्यवस्था असते, तिला येथे 'स्थानिक परिवेश' असे म्हटले आहे.

२. संहितेची पार्श्वभूमी

'जँगो'चा जन्म विद्यापीठात किंवा मोठ्या संगणक कंपनीत झाला नाही. तो वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात काम करताना एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याचा पाया घातला. जुलै २००५ मध्ये तो मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला आणि गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्यावरून त्याचे नामकरण झाले. वृत्तपत्रात अंक वेळेवर निघावा लागतो. त्यामुळे थोड्या वेळात चालू स्थितीतील पान उभे करणे, हा या आराखड्याचा मूळ स्वभाव आहे.

या स्वभावाचे प्रतिबिंब पाठमालेत स्पष्ट दिसते. पाठमालेत एक छोटे मतदानाचे ॲप्लिकेशन रचले जाते. त्यात 'प्रश्न' आणि 'पर्याय' असे दोनच घटक आहेत. प्रश्नाला मजकूर व प्रकाशनाची तारीख असते, तर पर्यायाला मजकूर व मिळालेली मते. पहिल्या भागात प्रकल्पाची मांडणी व पहिले पान, दुसऱ्यात डेटाबेस व प्रशासकाचे पान, तिसऱ्यात व चौथ्यात वाचकाला दिसणारी पाने व मतदानाचा अर्ज, पाचव्यात स्वयंचलित चाचणी, सहाव्यात रंगरूपाच्या फाइली आणि सातव्यात प्रशासकीय पानाची सुधारणा अशी तिची मांडणी आहे. अलीकडील आवृत्त्यांत आठवा भागही आहे.

येथे एक ऐतिहासिक तपशील महत्त्वाचा ठरतो. चाचणीवरील पाठ मूळ पाठमालेत नव्हता. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीबरोबर तो प्रथम समाविष्ट झाला. म्हणजे आराखडा खुला झाल्यापासून सुमारे साडेसात वर्षे नवा वाचक चाचणीशिवायच या पाठमालेतून बाहेर पडत होता. पुढे पाठ आला, तोही पाचव्या स्थानी. चाचणी ही रचनेनंतर करावयाची गोष्ट आहे, हा क्रम त्यामुळे संहितेच्या घाटातच रुजला.

३. स्थानिक परिवेशाचे चित्रण

पाठमालेचा प्रारंभच एका गृहीतकाने होतो : वाचकाच्या संगणकावर जँगो आधीच बसवलेला आहे. तो आहे की नाही हे एका आज्ञेने तपासावयाचे आणि नसल्यास स्थापनेच्या स्वतंत्र पानाकडे जावयाचे. प्रत्येक प्रकल्पासाठी पायथनच्या पॅकेजांचा वेगळा कप्पा करावा, म्हणजे एका प्रकल्पाची आवृत्ती दुसऱ्याला बाधत नाही, ही अत्यंत महत्त्वाची शिफारस त्या दुसऱ्या पानावर आहे. ज्या भूमीवर इमारत उभी राहावयाची, ती भूमी अशा रीतीने कथनाच्या बाहेर राहते. नवशिका विद्यार्थी स्थापनेचे पान घाईने ओलांडतो आणि पाठात शिरतो. पुढे सहाध्यायाच्या संगणकावर आवृत्ती निराळी निघाली म्हणजे त्याला दोष कोठे आहे हे उमगत नाही. पाठमाला आपण कोणत्या आवृत्तीसाठी आहोत हे आरंभीच सांगते, हा तिचा प्रामाणिकपणा मान्य करावा लागेल. तथापि विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाबाबत तशीच नोंद ठेवावी, हे ती शिकवीत नाही.

यानंतर 'रनसर्व्हर' ही आज्ञा येते आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८००० क्रमांकाच्या पोर्टवर पहिले पान दिसते. हा पत्ता म्हणजे संगणकाने स्वतःलाच मारलेली हाक होय. त्याच खोलीतील शेजारच्या संगणकालाही ती ऐकू येत नाही. हा सर्व्हर केवळ विकसनासाठी आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नव्हे, असा इशारा संहिता नेमकेपणाने देते. कोड बदलताच सर्व्हर आपोआप नव्याने सुरू होतो ही सोयही ती सांगते. येथवरचे निवेदन निर्दोष आहे.

अडचण पुढे येते. नव्या प्रकल्पाच्या सेटिंग फाइलमध्ये 'डीबग' हा पर्याय चालू असतो. तो चालू असताना काही गोष्टी परिवेश स्वतःहून सांभाळून घेतो. परवानगी असलेल्या यजमान-नावांची यादी रिकामी असली तरी स्वतःच्या संगणकापुरती मुभा मिळते. रंगरूपाच्या फाइली विकसन-सर्व्हरच पुरवितो. चूक झाल्यास तिचा सविस्तर वृत्तान्त पडद्यावर येतो. सहाव्या भागात विद्यार्थी प्रश्नांच्या दुव्यांना हिरवा रंग देतो. 'डीबग' बंद केल्यावर हाच सर्व्हर त्या फाइली पुरवीत नाही आणि हिरवा रंग नाहीसा होतो. कोडमधील एकही ओळ बदललेली नसते. बदललेला असतो तो परिवेश. ॲप्लिकेशनचे 'चालणे' हे कोड व परिवेश यांचे संयुक्त फळ आहे, हा धडा देण्याची ही उत्तम संधी होती. पाठमालेत ती घेतलेली नाही.

४. पेरलेली चूक : पाठमालेचे सामर्थ्य

पाठमालेतील सर्वांत कलात्मक व शैक्षणिकदृष्ट्या सर्वांत मोलाचा भाग पाचवा होय. दुसऱ्या भागात विद्यार्थी एक छोटी पद्धत लिहितो. प्रश्न अलीकडे प्रकाशित झाला आहे काय, हे ती सांगते. प्रकाशनाची वेळ आजपासून एक दिवस मागच्या वेळेनंतरची असेल तर उत्तर 'होय'. विद्यार्थी ती उतरवून घेतो, ती चालते आणि तो पुढे जातो. दोन भाग मध्ये जातात. पाचव्या भागात संहिता शांतपणे सांगते की, त्या पद्धतीत चूक आहे. तीस दिवसांनंतर प्रकाशित व्हावयाचा प्रश्नही ती 'अलीकडचा' ठरविते, कारण भविष्यकाळ हा कालच्या नंतरचाच असतो.

ही योजना साधी असली तरी तिचा परिणाम खोल आहे. चूक दुसऱ्या कोणाची नाही. ती विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे, आणि तीही अधिकृत पाठाच्या सांगण्यावरून. ग्रंथप्रामाण्याला येथे ग्रंथानेच दिलेला हा सौम्य धक्का आहे. त्यानंतर विद्यार्थी चाचणी लिहितो. भविष्यातील प्रश्न तयार करून पद्धतीचे उत्तर 'नाही' असले पाहिजे असे तो नोंदवितो, आणि चाचणी चालविताच ती अपयशी ठरते. हे अपयशच येथे यश आहे, कारण चूक आता दृश्य झाली. मग पद्धतीत वरची मर्यादाही घातली जाते आणि चाचणी उत्तीर्ण होते. एक दिवस व एक सेकंद जुना प्रश्न, तसेच तेवीस तास, एकोणसाठ मिनिटे व एकोणसाठ सेकंद जुना प्रश्न अशा सीमेवरील उदाहरणांचीही परीक्षा होते. नियमाची परीक्षा मध्यभागी नव्हे, तर सीमेवर करावयाची असते, हे तत्त्व एवढ्या अल्प शब्दांत क्वचितच शिकविले गेले असेल.

चाचणीसाठी स्वतंत्र, तात्पुरता डेटाबेस उभा राहतो आणि काम संपताच नष्ट होतो. एका चाचणीत निर्माण केलेल्या नोंदी दुसऱ्या चाचणीत उरत नाहीत. प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोगापूर्वी परीक्षानळी धुऊन घ्यावी, तसेच हे आहे. विज्ञान शाखेच्या अध्यापकांना या शिस्तीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

५. मर्यादा

५.१ एकच मतदार

पाठमालेचा विषय मतदान हा आहे. मतदानाचा पहिला नियम एका व्यक्तीस एक मत हा होय. पाठमालेतील ॲप्लिकेशनमध्ये मात्र कोणीही कितीही वेळा मत देऊ शकतो. ओळख पटविण्याची तरतूद नाही, पुनर्मतदान रोखण्याची नाही आणि तशी चाचणीही नाही. पाठ सुटसुटीत राहावा म्हणून हे वगळले असावे, हे समजण्यासारखे आहे. पण हे वगळले आहे असा उल्लेख तरी हवा होता. स्थानिक परिवेशात मतदार एकच असतो, तो म्हणजे स्वतः विद्यार्थी. त्याने दहा वेळा कळ दाबली आणि दहा मते नोंदली गेली की तो त्यास यश मानतो. ज्याला दोष म्हणावयाचे तेच येथे यशाचे प्रमाण ठरते.

याच विषयाची दुसरी बाजू सूक्ष्म आहे. चौथ्या भागाच्या जुन्या आवृत्त्यांत मताची नोंद पुढीलप्रमाणे होई : डेटाबेसमधून मतांची संख्या वाचावयाची, तीत एक मिळवावयाचा आणि बेरीज परत लिहावयाची. एका पर्यायाला दहा मते असताना दोन मतदारांनी एकाच क्षणी मत दिले, तर दोघांसाठीही 'दहा' वाचले जाऊ शकत होते आणि दोनदा 'अकरा' लिहिले जाऊ शकत होते. एक मत हरवत असे. जुन्या आवृत्त्यांनी या उणिवेची टीप देऊन कबुली दिली होती. अलीकडील आवृत्त्यांत बेरीज डेटाबेसकडूनच करवून घेण्याची पद्धत मूळ कोडमध्ये आली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ज्या प्रकारच्या चाचण्या पाचव्या भागात शिकविल्या आहेत, त्यांपैकी एकही हा दोष पकडू शकली नसती, कारण त्या एकामागून एक चालतात. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या म्हणजे ॲप्लिकेशन निर्दोष ठरले असे नव्हे. जेवढे प्रश्न विचारले, तेवढ्यांचीच उत्तरे मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

५.२ दोनशे अक्षरांची मर्यादा

पाठमालेत प्रश्नाच्या मजकुराला दोनशे वर्णांची मर्यादा घातली आहे. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट वापरला आहे, कारण तो पायथनबरोबरच येतो आणि वेगळा बसवावा लागत नाही. खऱ्या प्रकल्पासाठी पोस्टग्रेस्क्यूएलसारखा अधिक सक्षम डेटाबेस आरंभापासूनच घ्यावा, असे संहिता सुचविते; पण तो बदल कोणत्या स्वरूपाची डोकेदुखी ठरेल याचे उदाहरण देत नाही.

मराठी भाषकांच्या दृष्टीने ते उदाहरण सहज देता येते. एसक्यूलाइट वर्णसंख्येची ही मर्यादा स्वतः पाळत नाही. अडीचशे वर्णांचा मजकूरही तो मुकाट्याने साठवितो. प्रशासकीय पानावरील अर्ज मर्यादा तपासतो, परंतु कोडमधून थेट नोंद साठविताना ती तपासणी होत नाही. चाचण्यांतील नोंदी नेमक्या अशाच थेट निर्माण होतात. पोस्टग्रेस्क्यूएल मात्र तोच मजकूर नाकारतो. त्यात देवनागरीची भर पडते. संगणक व्यंजन, हलन्त, मात्रा व अनुस्वार हे सर्व स्वतंत्र मोजतो. 'प्रश्न' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी तो सहा वर्णांचा आहे. 'स्वातंत्र्योत्तर' या शब्दात पाच अक्षरे आहेत, पण वर्ण सोळा. त्यामुळे संगणकाच्या मोजणीतील आकडा मराठी लेखकाच्या नजरेतील अक्षरसंख्येच्या किती तरी पुढे धावतो. मराठीतून सर्वेक्षणाचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याचे ॲप्लिकेशन स्वतःच्या संगणकावर निर्वेध चालेल, सर्व चाचण्या उत्तीर्ण होतील आणि प्रत्यक्ष वापरात लांबलचक प्रश्न साठविताना ते कोलमडेल. दोष ना मराठीचा, ना पोस्टग्रेस्क्यूएलचा. स्थानिक परिवेश अधिक सैल होता, एवढाच तो आहे.

विकसनाचा परिवेश व प्रत्यक्ष वापराचा परिवेश यांत शक्य तितके साम्य राखावे, हे तत्त्व 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नावाने प्रसिद्ध झालेल्या बारा सूत्रांत दहावे म्हणून मांडलेले आहे. पाठमालेने ते तत्त्व नाकारलेले नाही. पण सोयीसाठी बाजूला ठेवले आहे.

५.३ घड्याळ

जँगोच्या अंतर्भागातील मूळ कालविभाग आजही शिकागोचा आहे. लॉरेन्स गाव त्याच कालविभागात येते. आराखड्याच्या जन्मस्थळाची ही खूण होय. नवा प्रकल्प सुरू करताना मात्र सेटिंग फाइलमध्ये जागतिक प्रमाणवेळ लिहिली जाते आणि वाचकाने आपला कालविभाग भरावा असे पाठमाला सांगते. भारतीय वाचकाने 'एशिया/कोलकाता' असे लिहिले तरी आराखडा आतून जागतिक प्रमाणवेळेतच हिशेब ठेवतो. पाठमालेतील 'अलीकडचा' हा निकष चोवीस तासांचा असल्याने त्यात बाधा येत नाही. पण विद्यार्थ्याने त्याऐवजी 'आजचा प्रश्न' असा निकष घेतला आणि जागतिक वेळेवरूनच तारीख काढली, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याचे ॲप्लिकेशन कालची तारीख सांगेल. दिवसा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही चूक कधीच दिसणार नाही. पाचव्या भागात वेळेच्या सीमेची परीक्षा घेण्याचे उत्तम तंत्र शिकविले असूनही, स्थळाच्या सीमेची परीक्षा राहून गेली आहे.

६. संभाव्य आक्षेप

या चिकित्सेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. प्रारंभिक पाठाकडून इतकी अपेक्षा करणे योग्य आहे काय? जँगोच्या दस्तऐवजांची विभागणीच मुळी पाठ, कृतिमार्गदर्शन, विषयविवेचन आणि संदर्भ अशी चार प्रकारांत केलेली आहे. पाठाचे काम नवशिक्याचा हात धरून त्याला एक पूर्ण अनुभव देणे हे आहे. प्रत्येक वळणावर थांबून सर्व धोके सांगितले तर तो पहिल्याच पानावर परतेल. शिवाय प्रत्यक्ष वापरापूर्वी काय तपासावे याची स्वतंत्र यादी त्याच दस्तऐवजांत आहे आणि ती तपासणी करणारी आज्ञाही उपलब्ध आहे.

हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. माहिती अनुपलब्ध आहे असे येथे म्हणावयाचे नाही. तथापि उपलब्धता आणि संस्कार या दोन भिन्न गोष्टी होत. पाचव्या भागाने हे सिद्ध केलेच आहे की, एकच नेमकी चूक पेरून पाठाचा ओघ न मोडता विद्यार्थ्याची दृष्टी बदलता येते. काळाच्या बाबतीत जे साधले, ते परिवेशाच्या बाबतीतही एखाद्या छोट्या कृतीने साधले असते. 'डीबग' एकदा बंद करून पाहावयास सांगणे, एवढेही त्यासाठी पुरेसे होते. त्यामुळे हा आक्षेप संहितेचा बचाव करतो, पण तिची उणीव भरून काढीत नाही.

७. निष्कर्ष

जँगोची पाठमाला ही तिच्या प्रकारातील एक समर्थ संहिता आहे. भाषा स्वच्छ, क्रम सुबोध आणि पेरलेल्या चुकीची योजना तर अनुकरणीय आहे. परंतु ती ज्या परिवेशात घडते तो परिवेश तिला स्वतःला दिसत नाही. एकच संगणक, एकच मतदार, एकच लिपी आणि क्षमाशील डेटाबेस यांच्या आधारावर उभे राहिलेले यश ती पूर्ण यश म्हणून विद्यार्थ्याच्या हाती देते. चाचणी ती शिकविते, मात्र चाचणी ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीची चाचणी शिकवीत नाही.

ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी साहजिकच अध्यापकावर येते, आणि त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. प्रकल्पाचे मूल्यमापन विद्यार्थ्याच्या संगणकावर न करता, त्याने लिहून दिलेल्या स्थापना-सूचना व पॅकेजांची यादी यांच्या आधारे दुसऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्या संगणकावर तो उभा करून दाखवावा. अहवालात उत्तीर्ण चाचण्यांबरोबर एक तरी अपयशी चाचणी आणि तिच्यामुळे सापडलेली चूक नोंदवावी. 'डीबग' बंद करून, प्रत्यक्ष वापरावयाच्या डेटाबेसवर आणि मराठी मजकूर भरून चाचण्या पुन्हा घ्याव्यात. या तीन अटी घातल्या तर 'माझ्या संगणकावर चालत होते' हे वाक्य तोंडी परीक्षेत निरुपयोगी ठरेल.

इतर विद्याशाखांनाही हा प्रश्न परका नाही. एका प्रयोगशाळेत मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत मिळावा लागतो. एका हस्तलिखितावर बेतलेला पाठ दुसऱ्या हस्तलिखिताशी ताडून पाहावा लागतो. स्वतःच्या घरी खरे ठरलेले इतरत्र खरे ठरते काय, हे तपासल्याशिवाय कोणत्याही विद्येत काम पूर्ण झाले असे मानले जात नाही. संगणकाच्या विद्यार्थ्यालाही ही सवय पहिल्या पाठापासून लागली पाहिजे.